एका टाकीचं यंत्र

दुकानदार म्हणाला, दोन टाक्यांचं घ्या, बाई.
एक भरते तोवर दुसरी रिकामी होते,
थांबायचं नावच नाही.
चारशे तीस युरो. मी हात लावून पाहिला.
माझ्या बहिणीच्या नवऱ्यासारखं वाटलं,
जड आणि अखंड बोलणारं.

कोपऱ्यात एक फिकट निळं उभं होतं, भाड्याचं,
शनिवारी न्यायचं, सोमवारी आणून द्यायचं.
हे चाळीस सेकंद ओढतं,
मग थांबतं, पोटातलं ओकतं,
तो जरा शरमूनच म्हणाला.
म्हटलं, हेच द्या.
माझे गुडघे जिना असाच चढतात.

ओल्डनबुर्गमध्ये ऑक्टोबर,
तळं सहा मीटर बाय चार,
तळाशी सात वर्षांची पानं,
सगळी एनो त्यार्क्सच्या बर्चची.
त्या बर्चवरून मी नगरपालिकेला पत्र लिहिलं होतं,
तेव्हापासून कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी
आम्ही एकमेकांना पाण्यात पाहतो.

प्लग लावला. नळी थरथरली,
काचेच्या तुकड्यातून काळं पाणी धावलं,
मासे पलीकडच्या कमळाखाली जाऊन दाटले.
मग खटका पडला.
गाळ गडगडत गुलाबांच्या आळ्यात गेला,
आणि त्या शांततेत कुंपणापलीकडून आवाज आला:
तोंड फार वर धरलंय.

उत्तर द्यायच्या आत मोटार सुरू.
चाळीस सेकंद मी उत्तर घोळवत राहिले,
घोळता घोळता त्यातली धार गेली.
थांबल्यावर एवढंच म्हटलं:
किती खाली?

तळापासून चार बोटं.
मोटार.
घासू नकोस, नुसतं फिरव.
मोटार.
तीस वर्षं वेझरच्या मुखाशी गाळ उपसला मी,
मोटार, मोटार,
सगळा काढायचा नसतो.
तिसरा हिस्सा ठेव. नाहीतर पाण्याला
पुन्हा पाणी व्हायला वर्ष लागतं.

तो केव्हा अलीकडे आला कळलं नाही.
नळीच्या शेवटी जाळीचा मोजा बांधला होता,
तो उकिडवा बसून मोजा चाचपत होता,
चतुराच्या अळ्या बोटाने उचलून
बशीत ठेवत होता,
आणि त्याच्या हाताला ती लागली.

अंगठ्याएवढी पितळी घंटा.
त्याच्या फाटकाची.
रोज पहाटे पाचला वाजायची ती.
एका पहाटे मी नाइटगाउनवर गेले,
तार सोडवली, आणि टाकली इथे, डुबुक.
त्याला वाटलं चोर.
गल्लीत पंधरा दिवस चोराचीच चर्चा,
मीही हिरिरीने बोलायचे.

खटका पडलेला. टाकी रिकामी होत होती.
एवढा वेळ लागतो तिला?
दोन टाक्यांचं घ्यायला हवं होतं, असं मनात आलं.
एनोने घंटेतला चिखल अंगठ्याने काढला,
हलवली. आवाज नाही, लोळी गेलेली.
माझ्याकडे पाहिलं नाही.

मोटार सुरू झाली.
बंद झाली.
सुरू झाली.
तिसऱ्या थांब्याला तो म्हणाला,
मोजा उलटा कर, कोपऱ्यात न्यूटचं पिल्लू आहे.
केला. होतं. करंगळीच्या नखाएवढं डोकं,
कानांमागे पिसांसारखे कल्ले,
जिवंत की काय ते कळेना,
मग शेपूट हललं.

आता चर्चचे टोले पडले, एक वाजला.
दुपारी एक ते तीन आमच्या गल्लीत
यंत्र चालवायचं नाही,
हा नियमही मीच बैठकीत पास करून घेतलेला.
उरलेला गाळ काठावरच राहू दे, तो म्हणाला,
रात्रभरात ज्याला परत जायचंय तो जाईल.

घंटा त्याने खिशात घातली.
मी कॉफी विचारली नाही, तो थांबलाही नाही,
पण कुंपणाच्या त्याच फटीतून गेला, वळसा न घेता.

मी वाकून पाण्यात पाहिलं.
काही दिसलं नाही, गढूळ होतं.
तीन वाजता वर दुसरा थर काढायचा आहे.
उद्या रविवार, सगळं बंद.