दाराचा कप्पा

उदगीरच्या आमच्या डाळमिलमध्ये
हापिसातला फ्रिज मालकांच्या ताकासाठी होता.
आता त्याच्या दारात,
जिथं अंड्यांचे खड्डे असतात,
तीन इन्सुलिनची पेनं उभी आहेत.
चिकटपट्टीवर अक्षर माझं:
मन्मथअप्पा. इमामबी. केरबा.

केरबा म्हणजे मी, हजेरी लिहिणारा.
माझं नाव शेवटी,
कारण मी सगळ्यात उशिरा सांगितलं.

सहा वर्षं संडासाची कडी लावून
सदऱ्याचं टोक दातात धरून टोचत आलो.
बाहेरून कोणी दार वाजवलं की
औषध थोडं पोटात, थोडं फरशीवर.
साखरेचा माणूस कोण ठेवतं कामावर,
असं मीच मला बजावायचो,
मालकांच्या आवाजात.

त्या मंगळवारी अप्पा
तुरीच्या थप्पीवर चढले
आणि उतरायचं विसरले.
घामानं निथळत वर बसून
बायकोला हाका मारत होते.
तिला जाऊन आठ वर्षं झालेली.
खाली पोरं हसली. म्हणाली, सकाळीच चढली म्हाताऱ्याला.

इमामबी चाळणी सोडून धावली,
पोत्यांवर गुडघे टेकत वर गेली,
बटव्यातला गुळाचा खडा
अप्पांच्या गालात सारला.
"दारू न्हाई ही. भूक हाय.
मला कामून कळतंय म्हनता?
मी बी त्यातलीच."

मशीन बंद होतं. सगळ्यांनी ऐकलं.

अकराची भाकरीची सुट्टी
त्या आठवड्यात साडेबारावर गेली होती,
गाड्या भरायच्या होत्या म्हणून.
फळ्यावर ते मीच लिहिलं होतं.
खडूची भुकटी तेव्हा
बोटांवरून झटकली, एवढंच आठवतं.

पुढं शिबिर झालं. बॅनर लागला.
पाहुण्या डॉक्टरांनी सांगितलं, ताण घेऊ नका,
रोज चाला.
दिवसाला दोनशे पोती चालणारे हमाल
मान डोलवत ऐकत होते.
तो बॅनर आता भुश्श्यावर झाकलाय,
पावसापाण्याचा उपयोगी पडतो.

अप्पांना थप्पीवरून काट्यावर घ्या,
पगार तोच ठेवून, असं म्हणालो
तर मालक म्हणाले, बघू.
त्यांचं बघू साडेतीन महिने चाललं.
मधल्या काळात अकरा म्हणजे अकरा,
गाडी दारात उभी असली तरी.
शिवी मी खाल्ली, भाकरी त्यांनी.

आता अप्पा काट्यावर बसतात.
पायाची जखम अजून ओली आहे,
चप्पल कापून घातलेली.
लोकांना सांगतात, हलकं काम मिळालं,
आणि थप्पीकडं बघत राहतात.

परवा दारात चौथं पेन आलं.
नाव नाही.
पट्टी आणि बॉलपेन मी फ्रिजवर ठेवलंय,
विचारलं कोणालाच नाही.
मालक मात्र हल्ली ताकासाठी
पोराला हाक मारत नाहीत.
स्वतः उठतात,
दार जरा जास्तच वेळ उघडं ठेवतात.