वरचे पुढचे चार

वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
माझा दवाखाना होता तेव्हा
एर्मेलिंदा दांतस आली. वय बासष्ट.
वरचे पुढचे चार दात नाहीत,
हातरुमालात गुंडाळलेला एक पितळी तुकडा.
मला वाटलं, निरांजन.

म्हणाली, "डाक्टर, माका दात खावक नको,
वाजवूक होये."
दात वाजतात ते थंडीनं, मी म्हटलं.
ती हसली नाही.
ओठावरचा गोल वण दाखवला,
चाळीस वर्षं तिथं एक वाटोळी कड टेकलेली.

साचा घेताना बोलता येत नाही.
बोलली ती मधल्या वेळात, तुकड्यातुकड्यांनी:

बाप बँडमास्तर. लग्नाला, मयताला, फेस्ताला
तेच सात जण, चाल तेवढी संथ किंवा जलद.
इनास तापानं पडला त्या दिवशी
त्याचा ट्रम्पेट हिनं उचलला.
बाप म्हणाला, बाईनं फुंकायची ती फुंकणी.
"मगे? ही पण फुंकणीच. चूल तेवढी मोठी."

सूर लावला तो काजूच्या कारखान्याच्या भोंग्याशी.
मुंबईत पियानोवाला म्हणाला, तू किंचित खाली आहेस.
मी नाही, ती म्हणाली, वेंगुर्लं खाली आहे.

बोटीनं गेलेली, ट्रम्पेट उकड्या तांदळाच्या पोत्यात.
कुलाब्याच्या हॉटेलात आधी साहेब नाचले, मग शेठ.
पगार पुरुषांच्या निम्मा,
जेवण भटारखान्यात, उभ्यानं.
लोक विचारत, ही बाई गाते का?
वाजवते, मॅनेजर सांगे.
हो, पण गाते कधी?

तीन तबकड्या निघाल्या, सहा बाजू, एक्कावन साली.
माइक एकच. बाकीचे त्याच्याजवळ,
तिला बारा पावलं मागे, भिंतीकडे तोंड करून,
नाहीतर सुई उडते म्हणे.
लेबलवर: ई. दांतस आणि मंडळी.
पत्रं आली, रत्नागिरीहून, एक तर जबलपूरहून:
श्रीयुत दांतस यांस सप्रेम नमस्कार.
सगळ्यांना उत्तरं धाडली. सही: ई. दांतस.
खोटं काय होतं त्यात.

पहिली कवळी मी केली देखणी,
दाताला दात भिडलेला.
तिनं पितळी तुकडा ओठांना लावला, फुंकला, काढला.
"फट खंय गेली?"

मधल्या दोन दातांत फट होती तिच्या, पहिल्यापासून.
आईला घोर, पोरीचं लग्न कसं जमायचं.
दुसरी कवळी. फट डावीकडे सरकली. नको.
तिसऱ्या वेळी मी कानस घेतली.
ती फुंकत गेली, मी घासत गेलो,
एक केस, अर्धा केस.
बाहेरच्या बाकावरचा गाल सुजलेला खलाशी
दाढ विसरून दारात उभा.
मग एक सूर आला. लांब नव्हे.
मोडला.
पुन्हा आला.
कंपाउंडरनं न सांगता रेडिओ बंद केला.

"बास." तिनं बिल विचारलं,
सांगितलं त्याच्या निम्मे पैसे मोजले
आणि उरलेल्यापोटी एक तबकडी ठेवली टेबलावर.

ग्रामोफोन माझ्याकडे कुठला.
एक्स-रेच्या पाकिटात ती पडून राहिली एकोणीस वर्षं.
ती गेल्याचंही मला उशिरा कळलं, मासळी बाजारात, सुरमईचा भाव करताना.
शेवटी कुडाळच्या एका घड्याळवाल्याकडे लावली.
तडा गेलेली. दर फेऱ्याला टक्.
टक् आणि टक् यांच्या मध्ये ती,
बारा पावलं मागून,
आणि प्रत्येक सुराच्या जरा आधी
हवेची एक बारीक शीळ.

ती फट मी घासली होती. न ऐकता.

घड्याळवाला म्हणाला, माल खराब आहे,
मधे हवा जाते.
मी म्हटलं, जाऊ दे.

वाजणं संपलं तरी सुई फिरत होती.
साहेबानं यंत्र थांबवायला उशीर केला असणार,
कारण अगदी शेवटी, लांबून,
भिंतीकडून वळून
एक बाई म्हणते,
"झाला? माझी बोट चुकतली."