डोळा शेवटी

दोंगग्वानच्या चौथ्या मजल्यावर
खुनी येतात ट्रेमधून, पन्नास पन्नास,
राखाडी, उघडेबोडके,
अजून कुणालाही न मारलेले.
होंगयिंग त्यांच्या तोंडावरच्या पोत्याला रंग देते,
पलीकडची नवी मुलगी विळ्याला चंदेरी,
आणि सात नंबरच्या टेबलावर छिउलान
रक्त आणि डोळा.

रक्ताचे तीन थेंब. दोन विळ्यावर, एक हनुवटीखाली.
नमुन्याचा बाहुला समोर काचेत उभा असतो,
त्याच्याशी ताडून बघायचं.
फांगसाहेब भिंग घेऊन येतात, म्हणतात,
"रक्त कमी पडतंय, सकाळपासून कमी पडतंय,"
आमटीत मीठ कमी पडावं तसं.

सिनेमा इथे कुणीच पाहिलेला नाही.
खोक्यावर परदेशी अक्षरं, एक गिरणी, वर चंद्र.
कथा बनते जेवणाच्या सुट्टीत.
हमाल असणार हा गिरणीतला, होंगयिंग सांगते,
मालकानं तीन महिन्यांचा पगार बुडवला.
मग तोंडावर पोतं कशाला?
लाज वाटत असेल.
पगार मागायला जाताना वाटते कधी कधी.
त्यानंतर कुणी बोलत नाही. भात संपतो.

पोत्याला भोक एकच. त्यातून डोळा एकच.
दिवसाला चौदाशे डोळे.
छिउलानचे आजोबा देवळातल्या मूर्ती रंगवायचे,
तिकडे ग्वांग्शीत, नदीकाठी.
डोळा अगदी शेवटी, पहाटे,
दार लावून, श्वास रोखून.
बुबुळ टेकलं की मूर्ती बघायला लागते,
तेव्हा समोर थांबायचं नाही, बाजूला सरायचं.
ही कुठे सरणार?
डावीकडे थिनरचा डबा, उजवीकडे होंगयिंगचं कोपर.
चौदाशे वेळा कुणीतरी पहिल्यांदा जग बघतं
आणि त्याला दिसते ही, मास्क लावलेली,
पुढच्याकडे हात गेलेली.

सातव्या महिन्यात, भुतांना सुट्टी असते तेव्हा,
रस्त्याकडेला लोक कागदी नोटा जाळत होते
आणि वर रात्रपाळीला एक तसाच राहिला.
नुसता पांढरा डोळा.
सापडला असता तर यंत्रात गेला असता;
सदोष माल दळून टाकायचा, असा करार आहे
(गिरणीवाल्याला पुन्हा गिरणी).
तिनं तो डब्यात टाकला, उरलेल्या भाताखाली.
का, ते तिलाही सांगता येणार नाही.
दारावर झडती होती, आणि गुडघ्यांचं पाणी झालं होतं.

नववर्षाला सव्वीस तासांची गाडी, मग टेम्पो, मग चिखल.
आ-मू सहा वर्षांचा.
आधी तिच्याकडे आला नाही, बाहुल्याकडे आला.
तोंडावर पोतं का याच्या?
पीठ उडतं ना गिरणीत.
आणि हे लाल?
ती घुटमळली. कलिंगड, म्हणाली.
पोरानं मान डोलावली.
कलिंगड कापायला विळा. बरोबर आहे.

रात्री त्यानं बॉलपेननं बुबुळ काढलं,
चुकीच्या जागी, फार वर,
त्यामुळे तो आता छताकडे बघतो,
कौल सरकलंय का बघणाऱ्या माणसासारखा.
सकाळी तिच्या आईनं त्याच्यापुढे
वाटीभर भात ठेवलेला होता.
कुणी कुणाला काही विचारलं नाही.

मार्चमध्ये नवा सिनेमा आला.
बाई आहे, जळालेली, डोळे दोन.
दर मात्र एका डोळ्याचाच.

रविवारी फोनवर आ-मू सांगतो,
काका बदकांच्या खुराड्यावर बसलाय,
घार फिरकत नाही आता,
आणि त्याचं कलिंगड मी धुतलं, साबणानं,
दोनदा,
निघतच नाही.
नाही निघणार, छिउलान म्हणते.
मग थोड्या वेळानं म्हणते,
नीट लावलंय ते.