बारदान वजा

सेलूच्या मोंढ्यात, बाहेतींच्या आडतीवर एक पत्र्याची खोली.
खाली तुरीची धूळ, वर मी.
सत्तावीस वर्षं एकच पट्टी छापतोय:
एकूण वजन, बारदान वजा,
हमाली, तोलाई, आडत,
निव्वळ.

पहिल्यांदा फॉक्सप्रोत. निळा पडदा, पांढरी अक्षरं,
प्रिंटर असा करवादायचा
की खालचा मुनीम दचकून आकडा चुकायचा.
मग म्हणाले, हे शिळं झालं.
खिडक्या आल्या, बटणं आली,
ती नीट दाबायला शिकलो तोवर
सगळं ढगात गेलं.
(ढगात! मराठवाड्यात!
इनायतमामू मापाडी चहाचा घोट घशात अडकेस्तोवर हसला होता.)

दर चार-पाच वर्षांनी पुन्हा पहिलीत.
पाटी कोरी, आणि मास्तर दरवेळी आणखी लहान.
परवा रात्री दीडला, कानात कुणा पोराचा तिसरा धडा,
लाईट गेली,
इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला
आणि वाटलं, पुरे.
रस्त्यापलीकडं जागा आहे, रसवंती टाकावी.
उसाला आवृत्ती नसते.

सकाळी प्रणोती म्हणाली,
सर, जुनं सगळं मशीनकडून लिहून घेतलं.
अकरा हजार ओळींच्या अडीच हजार झाल्या.
तिचा चेहरा असा, जसा माझा होता तेव्हा.
आणि ही एक ओळ त्यानं काढलीय, बिनकामाची म्हणून:
पोतं वीस किलोच्या आत असेल तर हमाली शून्य.
शेजारी माझीच टीप, दोन हजार एकची:
का ते विचारू नका. मामूला विचारा.

मामूला आता कुठं विचारणार.
कब्रस्तानाच्या भिंतीला यंदा बाभळी लई माजल्यात.
मला आठवेना. खरंच आठवेना.
म्हटलं, राहू दे काढलेली.

दुपारी खाली एक बाई. चष्मा नाही,
तरी पट्टीवर बोट बरोबर जागेवर.
"नऊ पोते हमालानं उचलले, त्याचे घ्या.
हे शेवटलं म्या आणलं, कडंवर, लेकरावाणी.
याची हमाली कामून धरली?"
मुनीम म्हणाला, बाई, कम्प्युटर धरतो.

मी जिन्यात उभा.
आणि मामू आला, काखेत वही, कानावर पेन्सिल:
जे ज्याचं त्यानं आणलं, त्यावर आपला हात नाही. लिही.
मी पंचवीसचा होतो. घाईत होतो.
लिहिलं. कारण लिहायला वेळ नव्हता.

अकरा रुपये परत.
मुनीमानं दहाची नोट दिली आणि रुपयाची गोळी.
तिनं गोळी परत केली
आणि रुपया निघेस्तोवर हलली नाही.

ओळ पुन्हा बसवली.
मला म्हणायचा मोह झाला प्रणोतीला,
की बघ, या सगळ्या भाषा म्हणजे बारदान,
आतलं धान्य तेच.
म्हटलं नाही. खोटं आहे ते.
बारदानही मीच वाहिलंय,
पाठ धरते ती त्यानंच.
एवढंच म्हणालो, टीप बदल.
काय लिहू?
खाली जा, तिलाच विचार, ती म्हणेल तसं लिही.

ती धावत गेली. बाई मोंढ्याच्या फाटकाशी पोचली होती.
दोघी उन्हात उभ्या राहून बराच वेळ काय बोलत होत्या
मला वरून ऐकू आलं नाही.

रात्री चौथा धडा.
पोरगं म्हणतंय, मागचं सगळं विसरून या.
इन्व्हर्टर टीं टीं.
मी वही उघडतो, तारीख टाकतो,
समास सोडतो.
रसवंतीची जागा अजून रिकामीच आहे,
आज येता येता पाहिली.