वीस मिनिटं

अशोक चौकात, टॉवेलच्या दुकानावर, अकरा पायऱ्या.
सातवीवर मी थांबते.
मानेसाठी आलेली असते, आणि गुडघा मध्येच
माझंही नाव लिहा म्हणतो.

हत्तुरे डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची.
मानेला गार, बुळबुळीत काही लावते,
चार काळ्या पट्ट्या चिकटवते,
बटण फिरवत विचारते,
"मुंग्या आल्या का, अम्मा?"
आल्या. आधी एकेक, मग वारूळच.
"चावल्या तर लगेच सांगा. सोसायचं नाही इथे."

सोसायचं नाही!
चौसष्ट वर्षांत असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

मला माहीत होता तो करंट यंत्रमागाचा.
ओल्या हाताने एकदा स्विच धरला आमच्यांनी,
भिंतीवर जाऊन आदळले,
आणि उठल्यावर पहिलं विचारलं काय, तर
धागा तुटला का.
तो करंट फेकतो.
हा पाठीवर हात फिरवणाऱ्या नणंदेसारखा, गोड बोलतो.
नणंदेवर भरवसा किती टाकायचा
हे जिचं तिने ठरवायचं.

"शून्य ते दहा, किती दुखतं?"
आता काय सांगू.
मी आयुष्यभर हजारात मोजलं.
पंचवीसचं बंडल, चाळीस बंडलांचा हजार,
चेकरने काढलेली छाट वेगळी.
पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा.
मान खाली. कायम खाली.
दुखण्याला आम्ही घरात नोप्पी म्हणतो.
नोप्पीला आकडे येत नाहीत.
"सात," म्हटलं. सात बरा दिसतो.

बाकावर मल्लय्या येमूल असतात, बायकोला घेऊन आलेले.
त्यांचाही खांदा गेलाय,
पण छातीत बॅटरी बसवलीय, म्हणून त्यांना मशीन नाही.
"एका मागावर दोन मुकादम नकोत,"
ते स्वतःच हसून सांगतात, आणि खांदा चोळतात.

नागूबाईंना साखर. तळपायाला काही कळत नाही.
दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात
त्या "अजून नाही, अजून नाही" म्हणत राहिल्या
आणि तो पोरगा बटण वाढवत राहिला.
घरी सुनेने पाहिलं तर रुपयाएवढा फोड.
मुंग्या चावल्या होत्या.
निरोप तेवढा पोचला नव्हता.

पहिल्या दिवशी मशीन टीं टीं करून थांबलं
तेव्हा खिडकीतून एक रिक्षा वळेपर्यंत मी पाहिली.
डोळ्यांनी नाही. मानेने.

मग घरी गेले आणि सूप मांडीवर घेतलं.
दुखत नव्हतं ना!
हजाराची मी, चौदाशे वळल्या.
रात्री दोनला नोप्पी परत आली,
येताना दोन्ही अंगठ्यांना सोबत घेऊन.

डॉक्टरीण रागावली नाही, तेच जास्त लागलं.
"मशीन दुखण्यावर चादर टाकतं, अम्मा.
चादरीखाली जे आहे ते आहे."
भिंतीला पाठ लावून हनुवटी आत घ्यायला शिकवलं,
दहा वेळा, रोज.
आणि दर अर्ध्या तासाला उठायचं.
एकदा उठलं की दहा विड्या जातात, म्हटलं.
तिने तेही कागदावर लिहून घेतलं.
त्याचं ती काय करणार, कुणास ठाऊक.

काल मध्येच लाईट गेली.
पंखा थांबला, खालच्या दुकानात कुणीतरी शिवी हासडली,
मुंग्या होत्या तिथेच मेल्या.
पट्ट्या काढून डॉक्टरीणने अंगठ्याने
मानेतला तो खडा शोधला, आणि दाबून धरला.
तिचा हात इतका जवळ, की मनगटाचा पट्टा दिसला.
तुलाही?
"माना, खांदे मिळून रोज चाळीस होतात," म्हणाली.

चाळीस.
आमच्याकडे चाळीसचा हजार होतो, पोरी.