ळ ते य

पहिल्या सेमिस्टरला नागपूरचा लोगो होता.
बत्तीस जणांपैकी सव्वीस जणांनी संत्रं काढलं,
चौघांनी झिरो माइलचे घोडे,
ईशान मेश्रामनं संत्र्यातून उगवणारा घोडा.
मी कूलर काढला.
खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर टेकलेला, एका कडेनं गंजलेला,
पाइप लोंबत असलेला.
नंदनवार मॅडमनी चष्मा वर सरकवला,
म्हणाल्या, खरा आहे गं,
पण लेटरहेडवर बसेल कसा?
दहापैकी सात.

दुसऱ्याला पॅकेजिंग.
आमच्या पाचपावलीतल्या हेडाऊकाकूंच्या मूगवड्या घेतल्या.
पांढरं पाकीट, मधोमध एकच वडी,
भोवती मोकळी जागा, श्वास घ्यायला.
काकूंनी ते उलटंसुलटं केलं.
एवढी जागा कोनासाठी सोडली व, म्हणाल्या,
अन् बॉलपेनानं तिथं आपला मोबाइल नंबर लिहून टाकला,
तिरका, शेवटचे दोन आकडे कोपऱ्यात चेंगरलेले.
मी तो तसाच स्कॅन केला.
मॅडम विचारत होत्या, फॉन्ट कुठला?

तिसऱ्याला अक्षर.
एक निवडा आणि महिनाभर त्याच्यासोबत राहा.
कुणी क्ष घेतला, कुणी श्र,
ओजस्वी गभणेनं ॐ घेतला, तिला परत पाठवलं.
मी ळ.
दांडी नाही, टेकायला काही नाही,
शिरोरेषेच्या इवल्या देठाला लटकून
दोन वेटोळी.
ग्राफवर चाळीस काढले. बारा पॉइंटला
डावं पोट बुजायचं, उजवं उघडंच राहायचं.

रात्री दीड वाजता आई ब्लाउजला हुक लावत बसलेली.
मान वर न करता म्हणाली,
काय गिरवून राहिली व रातभर?
डोये जातीन तुये.

डोये.

मी पेन्सिल खाली ठेवली.
आईच्या तोंडात हे अक्षरच नाही.
तिचं केयं, तिचं फयं, तिचा गुय,
मे महिन्यात सेहेचाळीसवर टेकलेलं तिचं आभाय.
माझ्याही तोंडात नव्हतं,
चौथीत बाईंनी फळ्यापाशी उभं करून
शाळा, शाळा, शाळा म्हणायला लावेतो.
वीस वेळा. एकविसाव्यांदा जीभ मागं वळली.
त्या संध्याकाळी घरी केळं मागितलं
तर भाऊ म्हणाला, माय, पाहुणी आली पाय.

मग उरलेले पंधरा दिवस
मी ळ पासून य पर्यंत सात पायऱ्या काढल्या.
डावं वेटोळं जरा सैल,
मग आणखी सैल,
उजवं हळूहळू ताणून खाली सोडलेलं, दांडी होईस्तोवर.
चौथ्या पायरीवर एक आकार आला,
धड ळ नाही, धड य नाही.
कीबोर्डवर त्याला बटण नाही.
चाळिसांत नव्हता इतका सुबक तोच जमला,
याचं थोडं वाईटही वाटलं.

तो घालून पोस्टर केलं. एकच शब्द, उन्हा
आणि पुढं तो आकार, काना देऊन.
गांधीबागेतला प्रिंटवाला म्हणाला,
ताई, फाइल करप्ट आहे, अक्षर फुटून राहिलं.
म्हटलं, फुटू दे. पिवळा तेवढा मळकट नको.

पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी शुद्धलेखनाचे तीन गुण कापले.
नंदनवार मॅडम काही बोलल्या नाहीत,
फक्त पोस्टरची सुटलेली कड
अंगठ्यानं भिंतीला दाबत राहिल्या,
गरजेपेक्षा जास्त वेळ.

आईनं ते घरी वाचलं. अडखळली नाही.
उन्हाया, म्हणाली, मग मागची बाजू पाहिली.
याच्यात चित्र नाई काय?

टेस्ट प्रिंटचे चार कागद उरले होते, जाड, चांगले.
तिनं एकाचा छत्तीसच्या ब्लाउजचा नमुना कापला.
माझा आकार नेमका मुंढ्यावर आला,
कात्री तिथं वळते तिथं.