वाढप

सोमवारी सकाळी एकेकीला वजनाच्या खुर्चीत बसवते.
आकडा थोडा थरथरतो, मग थांबतो.
मेव्हिस एंट्विसल : बेचाळीस किलो तीनशे.
मागच्या सोमवारी पूर्ण त्रेचाळीस होती.
सातशे ग्रॅम बाई कुठे गेली
ते लिहायला तक्त्यात जागा नाही.

तक्त्यात चार चौकोन :
सगळं, अर्धं, पाव, नाकारलं.
शेवटी माझी सही.
प्राजक्ता त्यांच्या जिभेला जड, म्हणून मी इथं जॅक.
जॅकच्या सहीनं रोज तीन वेळा
बावीस बायका पाव-अर्ध्या होतात.

गाजर उकडून, वाटून, साच्यात घालून
पुन्हा गाजराच्या आकाराचं करून येतं.
मेव्हिस त्याच्याकडे बघते,
ओळखीच्या माणसाचा मुखवटा घालून
भलताच कोणी दारात उभा राहावा तशी.
चहात घट्ट करायची पावडर.
"लव्ह, हा चहा आहे की वॉलपेपरची खळ?"
त्या महिन्यातलं तिचं सगळ्यात लांब वाक्य.

डॉक्टरांनी गोळी दिली, रात्री एक.
झोप, भूक, उदासी, तिन्हींवर तीच.
मी खिडकीशी उभी होते. मोरकमचा समुद्र
मैलभर मागे सरलेला, नुसता चिखल चमकत होता,
आणि वाटलं, माझ्या भाषेत तर
हे सगळं एकाच क्रियापदावर चालतं :
भूक लागते, झोप लागते,
ठसका लागतो, गोड लागतं,
मन लागतं.
खाल्लेलं अंगी लागतं,
किंवा लागत नाही.
आई म्हणायची, मनच लागेना तर अन्न काय अंगी लागणार!
हे आहारतज्ज्ञ बाईंना ईमेलात कसं कळवायचं?
मी कळवलं : आहार कमी, मूड खालावलेला.
उत्तर आलं : क्रीम वाढवा.

क्रीम वाढवलं.

मग एका बुधवारी शॅरन आलीच नाही.
कुस्करलेल्या बटाट्याचं अख्खं भांडं
मोठ्या चमच्यासकट टेबलावर ठेवून
मी नऊ नंबरच्या घंटीमागे पळाले.
परत येते तर चमचा मेव्हिसच्या हातात.
मनगट थरथरत नव्हतं.
एक गोळा, वरून चमच्याच्या पाठीनं खळगा,
खळग्यात ग्रेव्ही, कडेला सांडू न देता.
"पुढची!"
प्राथमिक शाळेच्या खानावळीत एकतीस वर्षं.
फायलीत होतं ते,
'पूर्वीचा व्यवसाय' म्हणून, एका ओळीत.
"संपवल्याशिवाय उठायचं नाही," तिनं ओल्वेनला दरडावलं.
ओल्वेन चौऱ्याण्णव वर्षांची. घाबरून संपवलं,
आणि बशी पुढे केली.

शेवटची बशी माझ्याकडे सरकली.
"तू खाल्लंस का, पोरी?"
दहा महिन्यांत या देशात
हे मला कोणी विचारलं नव्हतं.
त्यांच्या अन्नाला आम्ही हात लावायचा नाही, नियम आहे.
सिंकशी पाठ करून उभ्यानं खाल्लं.
कोमट. मीठ जवळजवळ नाहीच.
गोड लागलं.

तिनं स्वतः? चमच्याला चिकटलेलं तेवढं चाटलं.
पाव म्हणावं, तर पावही नाही.
मॅनेजर म्हणाल्या, भांडं असं उघडं ठेवायचं नसतं, जॅक.
सॉरी म्हटलं.

पुढच्या सोमवारी बेचाळीस किलो दोनशे.
वजन वाढलं नाही.
तिनं वाढलं.
चार चौकोनांबाहेर, समासात,
पेन्सिलीनं तेवढं एक क्रियापद मी लिहून ठेवलंय.
तपासणीला कोणी आलंच आणि विचारलं,
तर त्यातला हवा तो अर्थ सांगेन.

शॅरन आता परत आली आहे. बटाटा मोजून येतो.
मोठा चमचा मी खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवते,
डाव्या बाजूला,
बसल्या खुर्चीतून हात पोचेल असा.